तापीकाठचा मंक : घरच्या सबक्लासची जडणघडण

टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि बोलत खेळायच्या कल्पनाविश्वातल्या भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि त्या पात्राला एक पेशा असतो. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी मंक, म्हणजे उघड्या हातांनी लढणारा मठातला साधक. या पेशाला खेळाच्या भाषेत क्लास म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या शाखेला सबक्लास. दोन मंक एकाच लेव्हलचे असले तरी एक अंधारातून अंधारात उडी मारतो आणि दुसरा तळहाताच्या धक्क्याने शत्रूला उलथवतो. हा फरक सबक्लासचा. प्रकाशकाने छापलेल्या शाखा पुरेनाशा झाल्या की खेळणारे स्वतः शाखा रचतात. तिला होमब्रू म्हणतात. कागदावर एक पान भरेल एवढेच हे काम असते. पण त्या एका पानात गणित, कथा आणि खेळाच्या टेबलावरचे माणसांचे वागणे या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून उभ्या राहाव्या लागतात. मंकची शाखा रचताना हे सर्वांत अवघड जाते. मध्य प्रदेशातले बुऱ्हाणपूर आणि त्याच्या खालच्या अंगाचा तापीकाठ यांच्याकडे पाहिले तर ते का अवघड आहे हेही कळते आणि त्यातून वाटही सापडते.

मंक या खेळात पहिल्यापासून नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. मंक आला पुढच्या वर्षी, ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीतून. अमेरिकेत तेव्हा कुंग फूची लाट होती. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ सालचा, आणि ‘कुंग फू’ ही दूरचित्रवाणी मालिका १९७२ ते १९७५ अशी चाललेली. खेळातला मंक याच लाटेवर आला. त्याचा मठ, त्याच्या उघड्या हातांचे वार, त्याची अबोल गंभीरता हे सगळे चित्रपटात शोभावे असे आहे. आशियातल्या कुठल्याही एका खऱ्या परंपरेचा अभ्यास त्यामागे दिसत नाही. १९७८ सालच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये या पेशाला एक लक्षणीय नियम होता. वरच्या लेव्हलना मंकांची संख्या मर्यादित असे आणि वर चढायचे तर त्या जागेवर आधीच बसलेल्या मंकला द्वंद्वात हरवावे लागे. सर्वांत वरच्या जागेचे नाव ‘ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स’. साधनेतला मोठेपणा म्हणजे वरच्याला पाडण्याची ताकद, अशी ही समजूत. पुढे तो नियम गेला, १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकातून मंकच गेला, २००० साली तिसऱ्या आवृत्तीत परतला आणि २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत त्याचा आजचा सांगाडा ठरला. समजूत मात्र मागे उरली. आजही घरी रचलेल्या बहुतेक मंक-शाखा आणखी जोराचा ठोसा शोधत असतात.

सांगाडा नीट पाहिल्याशिवाय त्यावर काही चढवता येत नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतला मंक चिलखत घालत नाही. चपळता आणि विवेक हेच त्याचे संरक्षण. दुसऱ्या लेव्हलला त्याला की-पॉइंट मिळतात, लेव्हलइतकेच, आणि तासाभराच्या विश्रांतीत ध्यान केले की ते पुन्हा भरतात. एक पॉइंट खर्चून तो दोन जादा ठोसे मारतो, किंवा अंग चोरून बचाव करतो, किंवा दुप्पट पळतो. तिसऱ्या लेव्हलला अंगावर आलेला बाण हाताने अडवतो, पाचव्याला ठोशाने शत्रूला सुन्न करू शकतो, सातव्याला मनावरची भुरळ किंवा भीती झटकतो, नवव्याला उभ्या भिंतीवरून धावतो, पंधराव्याला म्हातारपणाची दुर्बलता त्याला शिवत नाही. नवव्या लेव्हलची ती धाव मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, तो २०१३पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे, आणि उभ्या खांबावर तोल राखत अंग फिरवणारा मुलगा पाहिला की या नियमाचे चित्र डोळ्यांपुढे आयते उभे राहते.

या सगळ्या शिडीत सबक्लासला चारच पायऱ्या मिळतात : तिसरी, सहावी, अकरावी आणि सतरावी लेव्हल. २०२४ सालच्या सुधारित पुस्तकात की-पॉइंटचे नाव फोकस पॉइंट झाले, ठोशाचा फासा मोठा झाला, बचाव आणि धाव यांची एक साधी फुकट आवृत्ती मिळाली. पण या चार पायऱ्या जागच्या हलल्या नाहीत. घरी रचणाऱ्याकडे चार कोनाडे आहेत, त्यांत काय ठेवायचे एवढाच प्रश्न.

पहिली चूक पॉइंटांच्या हिशेबात होते, म्हणून तो हिशेब एकदा उघडून पाहिलेला बरा. पाचव्या लेव्हलचा मंक घ्यावा. २०१४च्या नियमांप्रमाणे त्याची चपळता साधारण अठरा, म्हणजे बेरीज चार, प्रावीण्याचे तीन, मिळून वीस बाजूंच्या फाशावर सात मिळवायचे. समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, पंधरा असेल तर आठ किंवा त्याहून मोठा आकडा पडला की वार लागतो, म्हणजे शंभरात पासष्ट वेळा. ठोशाचा फासा सहा बाजूंचा, सरासरी साडेतीन, त्यात चपळतेचे चार मिळवून साडेसात. पॉइंट न खर्चता त्याला एका पाळीत तीन वार मिळतात. त्यांचा सरासरी घाव साडेचौदाच्या किंचित वर. एक पॉइंट खर्चला की वार चार होतात आणि सरासरी साडेएकोणीसवर जाते. या लेव्हलला एका की-पॉइंटची किंमत अशी सुमारे पाच घाव. २०२४च्या मोठ्या फाशाने ती साडेपाचच्या आसपास जाते. हा आकडा रचनाकाराने भिंतीवर लिहून ठेवावा. नवीन विद्या एक पॉइंट मागत असेल आणि पाच घावांइतके काहीही देत नसेल, मग ते घाव म्हणून असो, बचाव म्हणून असो की वाट मोकळी करणे म्हणून असो, तर ती विद्या कुणी वापरणार नाही. दोन खेळांनंतर ती पानावर नुसती छापलेली राहील.

छापलेल्या शाखांनी हाच धडा बऱ्यावाईट प्रकारे दिला आहे. २०१४च्या पुस्तकात तीन शाखा होत्या. चार महाभूतांच्या शाखेची कल्पना सर्वांत देखणी : पाण्याचा चाबूक, आगीच्या जिभा, वाऱ्याचा लोट. पण तिची जवळजवळ प्रत्येक विद्या त्याच की-पॉइंटांवर जगते ज्यांवर मंकचे मूळ कौशल्य जगते. पाण्याच्या एका चाबकाला दोन पॉइंट जातात. पाचव्या लेव्हलला दोन चाबूक ओढले की हाती एकच पॉइंट उरतो, आणि सुन्न करणारा ठोसा फार तर एकदाच मारता येतो. ही शाखा दुबळी ठरली ती कल्पनेत कमी पडल्यामुळे नव्हे. तिने मंकला नवे काही न देता जुन्याच पिशवीतून खर्च करायला लावले. सावलीच्या शाखेने उलट केले. सहाव्या लेव्हलला तिचा मंक अंधूक जागेतून साठ फुटांवरच्या दुसऱ्या अंधूक जागेत उडी घेतो आणि त्यासाठी एकही पॉइंट देत नाही. खेळाडू मग दिवे विझवू लागतो, खांबांच्या सावल्या मोजू लागतो, दालनात शिरताना खिडक्या कुठे आहेत ते विचारतो. एका फुकट उडीने त्याची जागेकडे पाहण्याची नजर बदलते. उघड्या तळहाताची शाखा या दोहोंच्या मधली : मूळच्या दोन जादा ठोशांनाच ती धक्का, पाडणे किंवा प्रत्युत्तर रोखणे जोडते. वेगळा खर्च नाही, आणि निवड मात्र दर वेळी नवी.

या तीन शाखांतून एक गोष्ट पक्की हाती लागते. सबक्लासचे खरे देणे म्हणजे खेळाडूला दर पाळीला पडणारा एक नवा प्रश्न. तो प्रश्न सापडला की उरलेल्या पायऱ्या आपोआप लिहिल्या जातात. तो नसेल तर कितीही सुंदर नावे दिली तरी शाखा मेलेलीच. एखाद्या गावच्या परंपरेकडे वळतानाही हेच पाहायचे असते. भगवे वस्त्र, कमंडलू, धुनी हे वरचे साज कुठल्याही शाखेला चढवता येतात. परंपरेच्या पोटात कुठला पेच आहे, तिथला साधक कशापुढे अडला आणि त्याने काय निवडले, ते शोधावे लागते.

बुऱ्हाणपुरात असे साधक शोधायला दूर जावे लागत नाही. खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नासिर खानाने पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर वसवलेल्या या शहराचे नावच एका सूफीचे आहे, खुलताबादेत चिरनिद्रा घेणाऱ्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे. आणि तापीपलीकडचे जैनाबाद त्यांच्या शिष्याच्या, जैनुद्दीन शिराझींच्या नावाने. सोळाव्या शतकात सिंधमधून आलेल्या सूफींनी आणि विणकरांनी इथे सिंधीपुरा वसवला. त्यांतले शाह ईसा जुंदुल्लाह शत्तारी परंपरेचे. याच परंपरेतल्या ग्वाल्हेरच्या मुहम्मद गौसांनी ‘अमृतकुंड’ या योगग्रंथाचे ‘बहर-उल-हयात’ हे फारसी रूप सिद्ध केले होते, आणि १६००च्या सुमारास शाहजादा सलीमच्या पदरच्या चित्रकारांनी त्यातली आसने रंगवली. श्वासाचे शास्त्र सूफी खानकाहात आणि नाथांच्या मठात एकाच वेळी अभ्यासले जात होते, ही गोष्ट या खोऱ्यापुरती तरी नुसती कल्पना नाही. शहरात कबीरपंथातल्या पारख विचाराचे निर्णय मंदिर आहे, गुरू गोविंदसिंगांच्या १७०८च्या मुक्कामाची आठवण जपणारा गुरुद्वारा आहे, बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी आहे. १५९०च्या जामा मशिदीत अरबीच्या शेजारी संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. मठांची, पंथांची आणि गुरुपरंपरांची एवढी दाटी असलेले शहर भूमिकाखेळाला पार्श्वभूमी म्हणून तर फारच मोलाचे.

पार्श्वभूमी म्हणून सर्वांत उपयोगी जागा जमिनीखाली आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या कारकिर्दीत, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली शहरासाठी कुंडी भंडारा खोदला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारात गोळा करायचे आणि केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत न्यायचे, अशी ती इराणी कनातांच्या धर्तीची रचना. भुयाराच्या माथ्यावर ठरावीक अंतराने उभ्या कुंड्या आहेत. खाली उतरले की पायांशी पाणी, मागेपुढे काळोख, आणि मधूनमधून वरच्या तोंडातून सरळ खाली पडलेला उजेडाचा खांब. सावलीच्या मंकसाठी याहून चोख नकाशा कुणी आखू शकणार नाही : कुंडीखाली उजेड, दोन कुंड्यांमध्ये अंधार. प्रत्येक कुंडी म्हणजे एक अडसर आणि एक उडी. पण जागा ही जागाच राहते. तिच्यातून नकाशा मिळतो, पंथ मिळत नाही.

पंथ मिळतो तो तापीच्या प्रवाहाने खाली उतरल्यावर, जळगाव जिल्ह्यात, जिथे पूर्णा तापीला मिळते. त्या संगमावर चांगदेवाचे जुने दगडी देऊळ आहे, आणि मुक्ताईनगर तालुक्यातच, याच तापीच्या परिसरात, मुक्ताबाईचे अंतर्धानस्थळ मानले जाते. परंपरा तिचा काळ १२७९ ते १२९७ असा देते. चांगदेवाची समाधी म्हणून गोदावरीकाठचे पुणतांबेही दाखवतात; पण या खोऱ्यात त्याचे नाव संगमाशी जडलेले आहे. कथा मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. चौदाशे वर्षे काळाला चुकवत जगलेला हा योगी. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसला. ते वयाने लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर अधिकाराने मोठे, म्हणून नमस्कार लिहावा. ठरेना, म्हणून कोरा कागदच धाडला. मुक्ताबाईने त्या कोऱ्या कागदावरून त्याची परीक्षा केली, ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिले. मग तो वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन भेटीला निघाला, आणि समोरून ज्ञानदेव-मुक्ताबाईंसह चारही भावंडे बसलेली भिंत चालत आली. पुढे हाच चांगदेव त्या कोवळ्या मुक्ताबाईचा शिष्य झाला. वाघावरचा साधू आणि चालणारी भिंत हा प्रसंग सूफी संतचरित्रांतही वेगवेगळ्या नावांनी येतो. खोऱ्याखोऱ्यांतून फिरलेली ही कथा आहे आणि ती कुणा एकाच पंथाची मालमत्ता नाही.

खेळ रचणाऱ्याने ही कथा १९७८च्या नियमाशेजारी ठेवून वाचावी. तिथे वर चढायचे तर वरच्याला हरवायचे. इथे चौदाशे वर्षांची कमाई असलेला माणूस एका मुलीपुढे ती कमाई खाली ठेवतो, आणि तिथून त्याची खरी चढण सुरू होते. साठवण आणि सोडणे हा या कथेचा पेच. मंकच्या की-पॉइंटांचा पेचही नेमका हाच. खर्चावेत की राखावेत? मूळ नियमांत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सरळ असते : खर्चावेत, कारण तासाभराने ते परत येतात. राखण्याला काही अर्थ दिला, तर पाळीगणिक पडणारा नवा प्रश्न मिळतो. हठयोगाने या राखण्याला नावही दिलेले आहे. श्वास आत घेणे पूरक, सोडणे रेचक, आणि मधे धरून ठेवणे कुंभक.

इथून रचना सुरू होते. शाखेचे नाव संगमपंथ. तिसऱ्या लेव्हलची विद्या कुंभक. पहिला मसुदा साधारण असा होईल : लढाईत ज्या पाळीला मंकने एकही पॉइंट खर्चला नाही, त्या पाळीचा एक श्वास त्याच्यापाशी जमा होतो, ठोसा लागल्यानंतर जमलेले श्वास सोडले की प्रत्येक श्वासामागे ठोशाचा एक फासा जादा घाव. वाचायला हे पुरेसे वाटते. आकडे मांडले की फसते. पाचव्या लेव्हलला एका श्वासाचे सरासरी साडेतीन घाव. तीन श्वास साठवून चौथ्या फेरीत एकदम सोडले तर साडेदहा, आणि दर फेरीला एकेक सोडत गेले तरी साडेदहाच. साठवण्यात काही फायदा नाही, उलट लढाई आधीच संपली तर साठवलेले वाया जाते. म्हणजे शहाणा खेळाडू कधीच श्वास धरणार नाही, आणि ज्या प्रश्नासाठी शाखा काढली तोच प्रश्न नाहीसा होतो. साठवणुकीच्या नियमांत हा दोष फार वारंवार दिसतो, कारण तो वाक्यात लपतो आणि बेरजेत उघडा पडतो.

उपाय असा की एकत्र सोडलेल्या श्वासांना वेगळे फळ द्यावे. एक श्वास सोडला तर नुसता जादा फासा. दोन सोडले तर दोन फासे आणि शत्रू दहा फूट मागे. तीन सोडले तर तीन फासे, धक्का, आणि शत्रू ताकदीचा बचाव-फासा, म्हणजे परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा, हरला तर तो आडवा. तीनपेक्षा जास्त साठा ठेवू नये. टेबलावरच्या लढाया बहुधा तीनचार फेऱ्यांत निकाली निघतात आणि चौथा श्वास जमायची वेळ क्वचितच येते. आता खेळाडूला खरोखर निवडावे लागते. दुसऱ्या फेरीत मित्र संकटात आहे. हातातला एक श्वास आताच सोडावा, की पुढच्या फेरीत शत्रूला कड्यावरून ढकलण्याची संधी राखावी? चार फेऱ्यांत मिळून साडेदहा जादा घाव म्हणजे फेरीला सुमारे अडीच. रेंजर या पेशाच्या शिकारी शाखेची ‘कोलॉसस स्लेअर’ ही तिसऱ्या लेव्हलचीच विद्या, जखमी शत्रूवर पाळीला एकदा आठ बाजूंचा जादा फासा, सरासरी साडेचार, देते. संगमपंथ तिच्या बराच खाली आहे, म्हणून धक्का आणि पाडणे त्याला निर्धास्तपणे देता येते.

शब्दरचनेची काळजी याच ठिकाणी सर्वांत जास्त लागते. ‘ज्या पाळीला पॉइंट खर्चला नाही’ असे लिहिले तर एक फट राहते : २०१४च्या नियमांत मंक बाण अडवून तो परत फेकताना पॉइंट खर्चतो, आणि ते दुसऱ्याच्या पाळीत घडते. म्हणून नियम असा हवा : आपल्या पाळीच्या सुरुवातीला, मागच्या पाळीच्या सुरुवातीपासून तोपर्यंत एकही पॉइंट खर्च झालेला नसेल, तर एक श्वास जमा होतो. लढाई संपली, मंक बेशुद्ध पडला किंवा त्याचे पात्र बोलले की जमलेले श्वास जातात. ही शेवटची अट शाखेचा आत्मा आहे. श्वास धरलेला माणूस बोलू शकत नाही, त्यामुळे संगमपंथी मंकला साथीदारांना सावध करायचे असेल तर साठा गमवावा लागतो. गप्प राहायचे ते पात्राने, खेळाडूने नव्हे. हे नियमात स्पष्ट लिहिले नाही तर एखादा उत्साही खेळाडू संध्याकाळभर तोंड मिटून बसेल आणि टेबलाचा रस जाईल.

सहाव्या लेव्हलला सावलीच्या शाखेचा धडा पाळावा : लढाईबाहेरचे काही, आणि फुकट. संगमपंथी मंक तासभर श्वास रोखू शकतो. मूळ नियमात सामान्य पात्राला काही मिनिटेच मिळतात, म्हणून पाण्याने भरलेली भुयारे, बुडालेली देवळे, धुराने कोंडलेली दालने त्याला एकदम खुली होतात. कुंडी भंडाऱ्यासारख्या जागेत ही विद्या सोन्याची. तिच्या जोडीला वाघ : मंकच्या हातात शस्त्र नसेल आणि त्याने आधी वार केला नसेल, तर जंगली जनावराला त्याच्यावर चालून येण्यापूर्वी विवेकाचा बचाव-फासा जिंकावा लागतो.

अकराव्या लेव्हलला भिंत. मंकच्या मूळ विद्या जवळजवळ सगळ्या त्याच्या एकट्याच्या आहेत : तो धावतो, तो उडी मारतो, तो अडवतो. कथेतल्या भिंतीवर चौघे बसले होते. दोन पॉइंट खर्चून मंकने दहा फुटांपर्यंतच्या दगडी बांधकामाला हात लावला की ते मिनिटभर त्याच्यासह तिघा साथीदारांना घेऊन माणसाच्या चालीने सरकते; वाटेतला हल्ला त्या दगडाच्या आडोशाने अडतो. ही विद्या घाव करत नाही, म्हणून तिच्या पॉइंटांची किंमत बचावात आणि पोहोचण्यात मोजावी. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी : ज्या भिंतीवर छत टेकलेले आहे ती हलते का? बहुतेक टेबलांवर ‘नाही’ हे उत्तर बरे, नाहीतर प्रत्येक किल्ला अकराव्या लेव्हलला पडतो. बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडासारख्या गडाचा वेढा खेळायचा असेल तर हे आणखीच महत्त्वाचे. अकबरालाही तो गड १६०१च्या जानेवारीत लांबलेल्या वेढ्यानंतरच हाती लागला.

सतराव्या लेव्हलला कोरा कागद. उघड्या तळहाताची शाखा इथे तीन पॉइंटांत शत्रूचा जीव घेणारी कंपने देते. संगमपंथाने इथे उलट दिशेला जावे. मंक आपले उरलेले सगळे पॉइंट, निदान पाच, एका कृतीत खाली ठेवतो. त्याला दिसणारा एक साथीदार पुढचा मिनिटभर मंकच्या वेगाने हलतो, सर्व बचाव-फाशांत प्रावीण्य वापरतो आणि मंकचा ठोशाचा फासा आपल्या प्रत्येक वारात मिळवतो. त्या मिनिटात मंककडे काहीच नसते. दीर्घ विश्रांतीनंतर एकदाच. हे जड वाटत असेल तर याच लेव्हलचा जादूगार ‘फोरसाइट’ मंत्राने एका साथीदाराला आठ तास जवळजवळ प्रत्येक फाशात वरचढ करतो, हे ध्यानात घ्यावे. त्यापुढे एक मिनिट फार नाही.

चारही पायऱ्या कागदावर आल्या की टेबलावर नेऊन पाहणे बाकी राहते. तिसऱ्या, पाचव्या आणि अकराव्या लेव्हलला वेगवेगळी पात्रे करून पाहावे, कारण २०१४च्या नियमांत ठोशाचा फासा तिसऱ्याला चार बाजूंचा, पाचव्याला सहा आणि अकराव्याला आठ बाजूंचा होतो आणि कुंभकाचे वजन त्याबरोबर बदलते. एका छोट्या लढाईवर निर्णय देऊ नये. विश्रांतीशिवाय सलग दोनतीन लढाया झाल्या की पॉइंट राखणाऱ्या शाखेची खरी ताकद दिसते. शाखा शेजारच्या खेळाडूला द्यावी आणि रचनाकाराने गप्प बसून पाहावे. तो नियम चुकीचा वाचत असेल तर वाक्य चुकले आहे. तीन श्वास एकदाही जमले नाहीत तर बोलण्याची अट सैल करावी, दर लढाईत जमत असतील तर तिसऱ्या श्वासाचे फळ कमी करावे.

नावांचा प्रश्न वेगळ्या काळजीने सोडवावा लागतो. मुक्ताबाईची पालखी आजही दर आषाढीला तापीकाठाहून पंढरपूरला चालत जाते. ज्यांच्या घरात तिचे अभंग रोज म्हटले जातात त्यांच्यासाठी ती खेळातले पात्र होऊ शकत नाही, आणि तिच्या नावापुढे लेव्हल आणि घाव यांचे आकडे लिहिणे रुचणार नाही. म्हणून कथेची घडण घ्यावी आणि नावे कल्पनाविश्वातली ठेवावीत : संगमावरचा एक मठ, तिथली अल्पवयीन गुरू, तिच्याकडे वाघावरून आलेला वृद्ध. सूफी, शीख किंवा कबीरपंथी परंपरांतून काही घेतानाही हेच. हा मार्ग मोठ्या प्रकाशनांनीही धरलेला आहे. २०२२च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्या आणि श्रद्धा यांवरून शंखभूमी हा काल्पनिक प्रदेश उभा केला आणि खऱ्या देवतांना हात लावला नाही.

घरापुरते रचलेले पान कुणाला विचारून वापरावे लागत नाही. ते छापून विकायचे किंवा वाटायचे असेल तर मात्र मूळ नियमांचा कुठला भाग मोकळा आहे हे पाहावे लागते. जानेवारी २०२३मध्ये प्रकाशकाने ‘सिस्टिम्स रेफरन्स डॉक्युमेंट’ची ५.१ आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुली केली. मंकचा पूर्ण सांगाडा तीत आहे, पण शाखांपैकी उघड्या तळहाताची एकच. तेव्हा संगमपंथाचा मसुदा लिहिताना मूळ पेशाच्या विद्यांचा आणि त्या एका शाखेचा उल्लेख निर्धास्त करता येतो, श्रेयाची ठरलेली ओळ जोडली म्हणजे झाले. सावली किंवा चार महाभूते या शाखांचा मजकूर उतरवून घेता येत नाही. मराठीत लिहिलेल्या नियमांनाही हीच मर्यादा लागू आहे, आणि खेळाचे ठरलेले शब्द, पॉइंट, लेव्हल, बोनस ॲक्शन, जसे टेबलावर बोलले जातात तसेच देवनागरीत ठेवले तर शेजारच्या टेबलावरचा डंजन मास्टरही ते पान हातात घेऊन लगेच खेळ सुरू करू शकतो.